चौबळांची बोट आणि बंद खिडक्या

बोट घ्यायची तर लाकडी नाही, फायबरग्लासचीच घ्यायची, असं हेरंब चौबळने ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याकडे एक स्कूटर होती आणि ती चालत होती. इतकं सगळं ठीक असताना माणसाला बोट का आठवावी, हा प्रश्न पुढे बडोद्याच्या कारेलीबागेत बऱ्याच जणांनी विचारला.

दोष खरं तर स्कूटरचाच. ती घेतली तेव्हा चौबळ दोन होते. ब्याऐंशी साल उजाडेपर्यंत ते चार झाले: हेरंब, त्याची बायको निरुपमा, सहा वर्षांची अहल्या आणि साडेतीन वर्षांचा आनंद. आनंद स्कूटरवर पुढे उभा राहायचा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा, त्यामुळे हेरंबलाही कुणाकुणाला पाहून ओळखीचं हसावं लागायचं. आता काहीतरी मोठं घेतलं पाहिजे, असं तो एका रविवारी म्हणाला. त्याच्या मनात जुनी का होईना, एक मोटार होती.

"मोटार घेऊन जायचं कुठे? रस्त्यावरच ना?" निरुपमा गवार मोडता मोडता म्हणाली. ती रेवदंड्याची. लग्न होऊन बडोद्याला आली, तेव्हापासून तिने पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे सोसायटीची गच्चीवरची टाकी. "त्यापेक्षा एकदा पाण्यावर न्या मला. पोरांनाही कळू दे, त्यांची आई कुठची आहे ते."

दुसरा कुणी असता तर 'बघू' म्हणून आंघोळीला गेला असता. पण हेरंब प्रतापनगरला रेल्वेत ड्राफ्ट्समन होता. कुणी काही बोललं की ते आधी कागदावर उतरवायचं आणि मग त्याला मापं घालायची, ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती. संध्याकाळपर्यंत त्याने चौघांना सुखाने बसता येईल अशा बोटीचा आराखडा काढला सुद्धा.

इथे चौबळांच्या घरातली एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचा धक्का बसायचा तसा बसणार नाही. चौबळ मासे खायचे. खायचे म्हणजे काय, कायस्थाच्या घरी रविवारी मासे नसले तर तो सोमवार वाटतो. आणि त्यांची सोसायटी होती शुद्ध शाकाहारी. नियमातच तसं लिहिलेलं. आठ वर्षांपूर्वी भाड्याने घर घेताना हेरंबने फॉर्मवर 'शाकाहारी' या शब्दापुढे सही केली होती, आणि ती त्याच्या आयुष्यातली एकमेव वाकडी सही होती.

तेव्हापासून चौबळांच्या घरी रविवार म्हणजे गनिमी कावा असे. स्टेशनपलीकडच्या बाजारातून हेरंब मासे आणायचा ते नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या लांब नळीत घालून. नळी खांद्याला अडकवून तो सोसायटीच्या फाटकातून असा आत यायचा, जणू अख्ख्या रेल्वेचा भार त्याच्याच खांद्यावर आहे. मग खिडक्या बंद व्हायच्या, दाराच्या फटीत ओलं फडकं बसायचं, अकरा अगरबत्त्या लागायच्या आणि त्या धुरात मासे तळले जायचे. मे महिन्यात सुद्धा. पोरांच्या तोंडून भलतंच काही निघू नये म्हणून घरात माशांना 'नकाशे' म्हणायचे. नळीत जे मावेल तेच खायचं, हा एक जाच होता. बोंबील मावायचे, मांदेली मावायची, बारकी कोळंबी तर सुखाने. पापलेट मावत नसे. आणि निरुपमाचं माहेरचं भरलं पापलेट अख्खंच करायचं असतं. ते तोडून आणलं तर भरायचं कशात? आठ वर्षं त्या घरात पापलेट आलं नव्हतं.

हे सगळं एवढ्या निगुतीने चालवायला कारणही होतं. घरमालक त्रिवेदी मुलाकडे अमेरिकेला निघाले होते आणि घर चौबळांनाच द्यायला तयार होते. फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत चौबळांना सभासद करून घ्यायला हवं होतं. सभा सप्टेंबरात होती. तोवर माशाचा एक काटा जरी कुणाला दिसला, तरी घर हातचं जाणार, अशी हेरंबची खात्री होती. शहाण्या माणसाने तेवढे दोन महिने शेपूभाजी खाऊन काढले असते. याने बोट पाहायला घेतली.

बोटीचा पत्ता दिला पिलाजीरावांनी. पिलाजीराव त्याच गल्लीतले, हेरंबच्या फार जुन्या ओळखीचे, जुन्या संस्थानच्या नोकरीतल्या घराण्यातले. त्यांच्या वडिलांचा पाण्याशी निकटचा संबंध होता असं ते नेहमी सांगत. तो संबंध शहराच्या नळांशी होता, हे फार उशिरा कळलं. "तरसालीच्या पुढे एका कारखान्याचा क्लब आहे," ते म्हणाले. "त्यांचं तळं आटलं. तीन बोटी पडून आहेत. साठ सालच्या, फायबरग्लासच्या. तसं काम आता होत नाही, चौबळ. मी येतो बरोबर. बोट म्हणजे घोडा आहे, तिची नजर पाहावी लागते."

क्लबच्या शेडमध्ये धनाजीराव नावाचे भांडारप्रमुख होते. त्यांनी तिन्ही बोटींवरची ताडपत्री ओढली. पहिली निळी, अरुंद आणि टोकदार. "ही पळते," धनाजीराव म्हणाले. दुसरी हिरवी, रुंद, बुडाशी सपाट. "ही पळत नाही, पण उलटतही नाही." तिसरी पांढरी आणि पिवळी, पुढे वाकडी काच, मागे दोन्ही बाजूंना उभे पंख, लाल गाद्या. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त रुमालाने तिची काच पुसली.

हेरंबने सतरा मुद्द्यांचा तक्ता आणला होता. काठाची उंची, कारण आनंद वाकतो. बसण्याची जागा, कारण अहल्याला गाडी लागते, बोटही लागेल. जाडी, वजन, मोटरचा आवाज. तो गुडघ्यांवर बसून दीड तास मापं घेत होता. पिलाजीराव प्रत्येक बोटीच्या तोंडासमोर उभे राहून तिची नजर पाहत होते आणि तिन्हींची नजर त्यांना चांगली वाटली. अहल्याला पंख हवे होते. आनंद कुठल्याही बोटीतून उतरायला तयार नव्हता, त्याला उचलून दुसरीत ठेवलं की तो तीही आपली समजायचा.

निरुपमाने फार काही केलं नाही. नारळ पाहावा तशी तिने तिन्ही बोटींवर बोटाच्या पेराने टकटक केली, मग पांढऱ्या-पिवळीच्या आत डोकं घालून एक खोल श्वास घेतला.

"ही," ती म्हणाली. "ही पाण्यात गेलेली आहे. बाकीच्या दोन नुसत्या पावसात भिजल्यात."

धनाजीराव चपापले. हिरवी आणि निळी तळ्यात कधी उतरल्याच नव्हत्या, हे त्यांनी कबूल केलं. सतरा मुद्द्यांच्या तक्त्यात हिरवी पहिली आली होती. हेरंबने तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "मीही तेच म्हणणार होतो."

बोट उंटगाडीवरून कारेलीबागेत आली. ट्रक मिळत होता, पण ट्रकवाल्याने 'घर बदलताय का?' विचारलं आणि हेरंबने त्याला तिथूनच परत पाठवलं. उंटाने अख्खं बडोदे ओलांडलं ते शांतपणे, मान उंच ठेवून. मागे बोट, बोटीत आनंद, आणि बाजूने स्कूटरवर हेरंब. चौकाचौकात लोक कुठली मिरवणूक म्हणून हात जोडत होते. सोसायटीच्या फाटकात चेअरमन जसवंतभाई परीख उभे होते.

"हेरंबभाई, आ शुं छे?"

"बोट."

"ए तो देखाय छे. पण अहीं केम?"

"फक्त आठ दिवस," हेरंब म्हणाला. नवरात्रात गरबा होतो त्या मधल्या चौकात बोट उतरली आणि तिथला निम्मा चौक संपला. जसवंतभाईंच्या वृद्ध आईला सगळी सोसायटी बा म्हणायची. बांनी गॅलरीतून चष्मा नीट करून पाहिलं आणि काही न बोलता माळ ओढत राहिल्या. त्यांचं ते न बोलणं हेरंबला रात्रभर पुरलं.

बोट घेतली, पण ती घालायची कुठे? हा मुद्दा सतरांत नव्हता. शहरातल्या तळ्यांत खासगी बोट चालत नाही, हे त्याला पहिल्याच कचेरीत कळलं. वाहनांच्या कचेरीने चाकं विचारली. ज्या जलाशयाचा त्याने नाद धरला होता तिथे म्हणाले, आधी बोटीची नोंद करून आणा. नोंद जिथे होते ती कचेरी त्याला पाचव्या फेरीत सापडली. तिथले कारकून सज्जन होते. त्यांनी फॉर्म दोनच असल्याचं सांगितलं. एक उतारूंच्या बोटीचा. त्याला बारा उतारू, बारा तरंगती कडी आणि एक शिट्टी लागते. दुसरा मासेमारीच्या बोटीचा. त्याला एक जाळं लागतं.

"बायका-पोरांना फिरवायला, असा फॉर्म नाही?"

"बायका-पोरांना लोक बागेत नेतात, साहेब."

हेरंब घाबरला. सभा तीन आठवड्यांवर आणि हातात मासेमारीचा फॉर्म. तो उठणारच होता. पण कारकुनांनी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "माशांतलं काही कळतं का? की मला कळतं तेवढंच? मला तर बोंबील आणि मांदेली एकच वाटतात."

त्या क्षणी चौबळांच्या सात पिढ्या हेरंबच्या घशाशी आल्या. माणसाने सही वाकडी करावी, नळीतून मासे आणावेत, सगळं करावं, पण बोंबील आणि मांदेली एकच असं कुणी तोंडावर म्हणालं तर ऐकून घ्यायचं? तो परत खाली बसला.

"एकच?" तो म्हणाला. "एकच?"

पाऊण तासाने कचेरीतली सगळी टेबलं त्याच्याभोवती जमली होती. कारकून भारावून म्हणाले, "हे कागदावर द्या. अनुभवाच्या रकान्यासाठी दोन ओळी लागतात." हेरंबने तीन पानं दिली, सुरेख वळणदार गुजरातीत, आकृत्यांसह. ताजेपणा कल्ल्यांवरून कसा ओळखावा, बोंबील पाण्याखाली किती दाबावा, आणि शेवटी, भरात येऊन, 'आमच्या घरी दर रविवारी' या शब्दांनी सुरू होणारा एक परिच्छेद. खाली सही, सरळ, आणि सोसायटीचा संपूर्ण पत्ता. आपण काय लिहून दिलं ते त्याला रस्त्यात आठवलं. पण मग त्याने स्वतःला समजावलं की सरकारी कागद वाचतो कोण?

जाळं त्याने त्याच नळीतून घरी आणलं.

सभा रविवारी सकाळी होती. दर वर्षी चौकात सतरंज्या अंथरायच्या. या वर्षी चौकात बोट असल्यामुळे मंडळी तिच्याभोवती दाटीवाटीने बसली आणि प्रत्येक जण बसताना हेरंबकडे एकदा पाहत होता. बांना खाली बसवत नसे, म्हणून त्यांना धरून बोटीत चढवलं आणि लाल गादीवर बसवलं. त्या दिवशी चौबळांच्या घरी साधं वरण होतं आणि चारही खिडक्या सताड उघड्या होत्या. इतक्या उघड्या की निरुपमाला आत परकं वाटत होतं.

पाण्याच्या पंपाचा विषय झाला, फाटकाच्या रंगाचा झाला. जसवंतभाईंनी चष्मा लावला. "हवे त्रिवेदीभाईना घरनी वात. हेरंबभाई चौबळने सभासद करवाना छे."

हेरंब हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. खाकी कपड्यांतले एक गृहस्थ काखेत फाईल घेऊन आत आले आणि एवढ्या माणसांत आपल्या माणसाला शोधायला त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "माछीमार हेरंबभाई चौबळ कोण छे?"

पंपाच्या विषयावर अजून कुजबुजणाऱ्या दोघांनी सुद्धा माना वळवल्या. निरुपमाने अहल्याचा हात एवढा घट्ट धरला की अहल्या ओरडली. हेरंब उभा होता, हात जोडलेले होते, आणि तो काही केल्या त्या हातांना खाली आणू शकत नव्हता.

"बोटीची तपासणी आहे. नोकरदार माणूस रविवारीच घरी सापडतो, म्हणून आज आलो," ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी बोट पाहिली, बांना नमस्कार केला, जाळं मागितलं. जाळं कुठून काढायचं? हेरंबने नळी आणली. सगळ्या सोसायटीसमोर नकाशांच्या नळीतून जाळं बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर, कुठल्याशा जुन्या रविवारची, एक सुकलेली मांदेली. ती सतरंजीवर जसवंतभाईंच्या पावलाशी पडली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण इन्स्पेक्टर गुणी माणसाची कदर करणारे होते. "वीस वर्षं नोकरी झाली माझी," ते सभेला म्हणाले. "असा अर्ज मी पाहिला नाही. हे अक्षर पाहा!" आणि त्यांनी तो वाचायलाच घेतला. कल्ले झाले. बोंबील दाबून झाले. 'आमच्या घरी दर रविवारी' आलं. निरुपमाच्या हाताला जी चव आहे ती अख्ख्या बडोद्यात नाही, हेही आलं. हेरंबला जमीन दुभंगावी असं वाटत होतं, पण निम्म्या जमिनीवर त्याची बोट होती.

वाचन संपलं. इन्स्पेक्टर सही-शिक्का करून, बोटीवर नंबर कसा रंगवायचा ते सांगून गेले. सायकलची घंटी लांब गेली. हेरंबने तोंड उघडलं. "जसवंतभाई, मी... आम्ही घर..."

"एमां नवुं शुं छे?" आवाज बोटीतून आला.

बा माळ बाजूला ठेवून बोलत होत्या. "आठ वरसथी जोउं छुं. रविवारे ऑफिस बंध, तो नकशा कोना माटे?"

बंद ऑफिसचे नकाशे कुणासाठी, या प्रश्नावर चौक हसला. अख्खा चौक. हेरंबने एकेक चेहरा पाहिला आणि त्याला कळत गेलं की हे हसणं आजचं नाही, आठ वर्षांचं आहे.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," जसवंतभाई आपल्या वळणाच्या मराठीत म्हणाले. "भाड्याने घर द्यायच्या अगोदर आम्ही पिलाजीरावांना पूछलं हतं ने. चौबळ माणसं कशी? ते बोलले, खाय छे, पण शरमाय छे. आम्ही म्हटलं, शरमाय छे तो चालशे. तुम्ही नळी घेऊन आला की आम्ही पण खिडक्या बंद करतो. त्यात काय!"

बोटीच्या निमित्ताने आलेले पिलाजीराव सतरंजीच्या टोकाला बसले होते. त्यांनी मान डोलावली. "रीतसर सांगितलं होतं मी. खोटं का बोलू?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

हेरंब सतरंजीवर बसला. घर जाण्याच्या भीतीपेक्षा हे भलतंच जड होतं. आठ वर्षं तो ज्या फाटकातून छाती काढून, कपाळावर कामाच्या आठ्या घालून आला, तिथे गॅलरीगॅलरीतून लोक 'आज बोंबील वाटतं' म्हणत असणार. त्याला त्या आठ्यांची फार लाज वाटली.

निरुपमाला लाज वाटली नाही. ती संतापली. "आठ वर्षं!" ती नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांसमोर. "आठ वर्षं मे महिन्यात चारी खिडक्या बंद करून उभी राहिले मी स्टोव्हपुढे! आनंद पोटात असताना सुद्धा! आणि पापलेट? नळीत मावत नाही म्हणून मी आठ वर्षं पापलेट खाल्लं नाही, अहो!" आणि तिला रडू फुटलं.

बा बोटीतून वाकल्या आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रड नहीं, दीकरी. माछली तो समज्या. पण पेली अगरबत्ती बंध कर. आठ वरसथी मने खांसी छे."

चौबळांचं सभासदत्व एकमताने मंजूर झालं. ठरावाला दोन अटी होत्या आणि माशांचा उल्लेख त्यांत नव्हता. अगरबत्ती लावू नये, आणि बोट नवरात्राच्या आत हलवावी. "नवरात्रीमां गरबा क्यां गाशुं?" जसवंतभाईंनी विचारलं, आणि त्या सभेतला खरा राग काय तो एवढ्या एका वाक्यात होता.

घटस्थापनेच्या आधीच बोट पुन्हा उंटगाडीवर चढली आणि परवान्यात लिहिलेल्या जलाशयाच्या काठी गेली. तिच्या पिवळ्या पोटावर आता नंबर होता. मोटर तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. हेरंब दोन्ही हातांनी काठ धरून बसला, कारण त्याला पोहता येत नव्हतं आणि हेही सतरा मुद्द्यांत नव्हतं. अहल्याला बोट लागली. निरुपमा पुढे, त्या वाकड्या काचेपाशी, पाठमोरी बसली होती. तिने एक हात पाण्यात सोडला आणि परत येईपर्यंत काढला नाही. आनंदने विचारलं, "आई, तू इथली आहेस?" ती म्हणाली, "जवळजवळ."

पुढच्या रविवारी हेरंबने नळी घरीच ठेवली. तो बाजारात साधी कापडी पिशवी घेऊन गेला आणि दोन पापलेटं घेऊन आला, चांगली ताटाएवढी. फाटकातून आत येताना चेहरा कसा ठेवायचा हे त्याला सुचेना, म्हणून तो नुसता आला. जसवंतभाईंनी गॅलरीतून हात केला आणि खिडकी लावून घेतली. मग शेजारची लागली, मग वरची. सगळ्या सोसायटीच्या खिडक्या एकापाठोपाठ एक शिस्तीत बंद झाल्या. चौबळांच्या तेवढ्या उघड्या राहिल्या. वारा आत येत होता.

निरुपमाने हिरवं वाटण भरलं, पापलेटं अख्खी तव्यावर टाकली. चौघं पानावर बसले. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिली. हेरंब तिच्याकडे पाहत होता.

"काय झालं? ताजं नाही?"

"ताजं आहे." तिने डोळे उघडले. त्यांत भीती होती. "चवच लागत नाही हो."

हेरंबने घास घेतला. खरंच, काहीतरी कमी होतं. पोरांनीही माना हलवल्या. अहल्या म्हणाली, "आई, हे नकाशासारखं लागत नाही."

हेरंब उठला. त्याने एक खिडकी लावली, मग दुसरी, मग उरलेल्या दोन. देवापुढचा पुडा घेऊन तो निरुपमासमोर उभा राहिला.

"एकच," ती म्हणाली. "बांना त्रास होतो."

त्याने एकच लावली. धुराची बारीक रेघ पानांवरून गेली तसा निरुपमाने दुसरा घास घेतला आणि तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग चौबळ कुटुंब घामाघूम होऊन, बंद खोलीत, पोटभर जेवलं. समोरच्या घरातून बांच्या खोकल्याचा आवाज आला, तेव्हा चौघांनीही एकदम माना खाली घातल्या.